उप-वरची बाजू

वरच्याला मान आणि खालच्याला काम, या तत्त्वावर जग सुरळीत चाललं आहे. बेस्किद डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या सरकारी ग्लायडर कचेरीचंही तसंच चाललं होतं. मग इंजिनिअर बोगनाबाईंनी एकाच माणसाला बसता येईल अशा कसरती ग्लायडरचा पंख आखून दाखवला.

त्या पंखाची वरची आणि खालची बाजू सारखीच फुगीर होती. स्पर्धेत निम्मा वेळ उलटंच उडायचं, तेव्हा पंखालाही उलटं-सुलटं सारखंच हवं, एवढा साधा हिशेब. जुन्या ग्लायडरचा पंख फक्त वरून फुगीर. उलटा झाला की भराभर खाली येई. गेल्या उन्हाळ्यात वैमानिक कायतान त्यातून थेट बटाट्याच्या शेतात उतरला होता. (बटाट्यांच्या नुकसानीची चौकशी चालू आहे. कायतानची कोणी केली नाही.) त्याला पुन्हा तसल्याच पंखावर पाठवायला बोगनाबाई तयार नव्हत्या.

मंजुरी समितीत अकरा सदस्य होते. पैकी उडालेले शून्य, उडवून लावणारे अकरा.

अध्यक्ष ओल्शेव्स्कीसाहेबांनी तोंडातला खसखशीचा केक संपवून आराखडा सुलटा धरला, मग उलटा धरला. काहीच फरक पडेना, तेव्हा ते दुखावले.

"अहो बाई, यातली वरची कुठली?"

"दोन्ही सारख्याच आहेत, साहेब."

"सारख्या? मग वरिष्ठ कोण? आज हे पंखात घुसलं, उद्या कचेरीत घुसेल! वरचा फुगवटा वाढवा."

"अहो, कायतान जिवानिशी जाईल!"

या विधानाची रीतसर नोंद झाली. ('ऐनवेळचे विषय' या सदरात.)

पुढच्या बैठकीत बोगनाबाईंनी तोच आराखडा आणला. नावं तेवढी बदलली होती. वरची ती 'प्रमुख वरची बाजू', खालची ती 'उप-वरची बाजू'. पंखाला खालची म्हणून बाजूच उरली नाही.

"आता कसं!" साहेब खुलले. "बढती मिळाली, आता बिचारी कुरकुरणार नाही." उपवर म्हटल्यावर फार अडवून धरणं बरं दिसत नाही, मंजुरी एकमताने मिळाली.

स्पर्धेत कायतान मैदानावरून उलटा, सुतासारखा सरळ निघून गेला. बोगनाबाईंचे डोळे भरून आले. साहेबांनी आकाशाकडे बोट केलं.

"पाहिलात? मी वाढवायला लावलेला फुगवटा!"

उरलेल्या दहाही सदस्यांना तो लख्ख दिसला. त्यांना हसू नका, वाचकहो. परवा तुमच्या साहेबांनी असंच बोट वर केलं, तेव्हा तुम्हीही मान डोलावून "वा!" म्हणालाच होतात.