त्रिभुवन सरांचं पाचारण

शांतवन त्रिभुवन रिक्षातसुद्धा पाचारण झाल्याशिवाय बसत नाहीत. सुरतेत पांडेसऱ्याच्या नाक्यावर सकाळी शटल रिक्षा एकामागून एक येतात, ड्रायव्हर अर्धं अंग बाहेर काढून 'उधना, उधना' ओरडतात, आणि आमचे त्रिभुवन सर पिशवी छातीशी धरून शांत उभे. एक जाते, दुसरी जाते. मी त्यांचा हात धरून ओढायला लागलो की म्हणतात, "थांबा साळवेबंधू, हिचं पाचारण नाही." मग एक रिक्षा येते, आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त कोंबलेली. सर म्हणतात, "ही." त्यानंतर मी ड्रायव्हरच्या मांडीवर आणि सर देवाच्या भरवशावर, असे आम्ही शाळेत पोचतो.

आमच्या मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत 'पाचारण' हा जपून वापरायचा शब्द आहे. देव एखाद्याला ठरावीक कामासाठी हाक मारतो, ते पाचारण. पाळकांना होतं, मिशनऱ्यांना होतं, एखाद्या नर्सबाईंना होतं. त्रिभुवन सरांना ते भेंडीच्या बाबतीतही होतं. भाव विचारून, दहाबारा भेंड्यांची टोकं मोडून झाल्यावर ते भाजीवालीला म्हणतात, "आज भेंडीकडे बोलावणं नाही, बेन." त्यावर ती गुजरातीत जे बोलते ते मी इथे लिहू शकत नाही.

मी उधन्याच्या एका मिशन शाळेत कारकून आहे. मला पाचारण झालेलं नाही. मला जाहिरात दिसली होती. भविष्यनिर्वाह निधी आहे असं त्यात लिहिलं होतं, म्हणून मी अर्ज केला. हे कधी कोणी विचारलं नाही, म्हणून मी कधी सांगितलं नाही. पण सकाळच्या प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात तेव्हा मी एक डोळा किलकिला करून इतरांकडे बघतो. यांना तरी झालं असेल का? गणिताच्या सरांकडे बघून धीर येतो. त्यांना नक्की झालेलं नाही.

अशा शाळेत एका जून महिन्यात त्रिभुवन आले. स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. वय साठीच्या अलीकडे. उभा जन्म लूमच्या खात्यात गेलेला. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. आधी कारागीर, मग मुकादम. आमच्या प्रिन्सिपल मॅकवान मॅडम चरोतरच्या गुजराती ख्रिस्ती, बोलायला कमी आणि कामाला कडक. त्यांच्यासमोर उभं राहून त्रिभुवन म्हणाले की मला या शाळेत काम करण्याचं पाचारण झालं आहे.

मॅडमनी विचारलं, कोणत्या पदाचं?

"पद सांगितलं नाही," त्रिभुवन म्हणाले. "फक्त शाळा सांगितली."

मॅडमनी त्यांना जागा नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. मॅडमनी पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला मॅडमनी मला सांगितलं की साळवे, तुमच्या मराठी भाईंना तुम्ही समजवा. मी समजवायला गेलो आणि त्यांनीच मला समजावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बोलावणारा वरचा, मॅडम मधल्या. मधल्यांनी नाही म्हटलं तर आपण बाकावर थांबायचं. पगार मागत नाही, मग अडचण कसली? संध्याकाळी मी मॅडमना जाऊन सांगितलं की माणूस निरुपद्रवी आहे. हे माझं मत पुढे फार दिवस टिकलं नाही.

त्यांच्या पाचारणाची गोष्ट मी पहिल्यांदा त्या बाकावरच ऐकली. खात्यात लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. एके दिवशी लाइट गेली, सगळी मशीनं थांबली, आणि त्या शांततेत मनात काहीतरी उमटलं. एवढीच गोष्ट. मला ती आवडली होती. पण आमच्या मंडळीत घरोघरी प्रार्थना असतात आणि प्रार्थनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं हे उभं राहून सांगायचं. चांगल्या साक्षीनंतर चहाबरोबर खमणही मिळतं. पावसाळा संपेपर्यंत सरांच्या मनात उमटलेल्याचा आवाज झाला. नाताळच्या सुमारास आवाज मराठीत बोलू लागला. ईस्टरला त्याने 'शांतवन, शांतवन, शांतवन' अशी तीनदा हाक मारली. एका वयस्कर भगिनींनी विचारलं की आवाज कसा होता हो. सर थोडा विचार करून म्हणाले, "पाळकसाहेबांसारखाच, पण माइकशिवाय." पाळकसाहेबांनी त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा खमण वाढलं.

मलाही वाढलं, पण मला ते गेलं नाही. हा माणूस दर महिन्याला थोडं थोडं खोटं बोलतो आहे हे मला कळत होतं, आणि तरी त्याच्याजवळ निदान सांगायला गोष्ट आहे याचा मला हेवा वाटत होता.

पगार नसलेल्या माणसाला शाळेत काम लगेच मिळतं. पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवा, फुटलेले खडू गोळा करा, पहिलीच्या पोरांचे डबे उघडून द्या. डबे उघडण्यात सर वाकबगार. पोरं त्यांना सर म्हणू लागली, पोरांमागे शिपाई म्हणू लागले, मग आम्हीही. पण त्यांनी स्वतःहून एक काम उचललं आणि तिथून सगळं सुरू झालं.

मुकादम दिवसभर काय करतो? लूमच्या दोन ओळींमधून येरझाऱ्या घालतो आणि ताण्याचा धागा कुठे तुटला ते बघतो. दिसला की मशीन थांबवायचं, गाठ मारायची, पुढे. सरांनी शाळेची प्रार्थना तशी बघायला सुरुवात केली. पोरं ओळीत उभी राहिली की हे हात मागे बांधून मधून फिरणार. प्रार्थना संपली की माझ्या टेबलाशी येऊन म्हणणार, "साळवेबंधू, सातवीत धागा गेलाय." म्हणजे सातवीतला एक पोरगा आलेला नाही. मग पिशवी घेऊन गाठ मारायला त्याच्या घरी.

आमची निम्मी पोरं खानदेशातून आलेल्या घरांतली. आई-बाप दोघं कामावर, पोर ताप आला म्हणून घरी, किंवा धाकट्या भावाला सांभाळायला घरी, किंवा मामाच्या लग्नाला म्हणून गावी. पोरगा शाळेत का आला नाही, असं सर दारात उभे राहून मोडक्या अहिराणीत विचारत, "काब्र भो, पोऱ्या शाळामा काब्र नई उना?" त्यांची अहिराणी ऐकायला आजूबाजूच्या बायका जमत. कधी पोरगा सापडे, कधी पोराऐवजी चहा मिळे. तापातल्या पोरालाही त्यांनी दोनदा शाळेत आणलं आणि वर्गशिक्षिकेने दोनदा परत पाठवलं. शिक्षकांना हे अजिबात आवडत नव्हतं. वर्गात साठ पोरं असताना जो येत नाही त्याचे शिक्षक मनातून आभार मानत असतात, हे सरांना कोणी सांगायला धजत नव्हतं.

मग रोहित पाटील घडला.

सहावीतला रोहित पाटील आठवडाभर आला नव्हता. सर त्याच्या सोसायटीत गेले आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी 'रोहित पाटील' अशी हाक दिली. पांडेसऱ्यात अशी हाक देणं म्हणजे मंगल कार्यालयात 'मामा' म्हणून हाक मारण्यासारखं आहे. चार दारांतून चार रोहित पाटील बाहेर आले. सरांनी चौघांना न्याहाळलं. तिघांच्या अंगावर गणवेश होता, एक बनियनवर होता. सर म्हणाले, "हा." बनियनवाला म्हणत होता की मी तो नाही. पण शाळा बुडवणारा प्रत्येक पोरगा हेच म्हणतो. सरांनी त्याला शर्ट घालायला लावला आणि शाळेत आणून सहावीत बसवलं.

तो दुपारच्या महापालिका शाळेतला पोरगा होता. आमच्याकडे त्याने तीन तास काढले, विज्ञानाच्या बाईंना दोन उत्तरं बरोबर दिली आणि दुसऱ्याच्या डब्यातला ठेपला खाल्ला. त्याच्या अंगावर गणवेश का नाही हे कोणीही विचारलं नाही. दुपारी त्याची आई पोराला शोधत फाटकावर आली. "मना पोऱ्या कोठे से? कोन लई गया मना पोऱ्याले?" तिच्यामागे अर्धी सोसायटी होती. पोरगा धडधाकट बाहेर आला आणि उद्या पण येऊ का म्हणाला, म्हणून ते निभावलं.

पण गोष्ट व्यवस्थापन समितीपर्यंत गेली. पेपरात आलं असतं तर, असं अध्यक्ष म्हणाले. हा माणूस शाळेत कोण, कशासाठी, कोणाच्या परवानगीने? त्यांनी सरांना बैठकीला बोलावलं. ठरलं असं की सरांनी समितीपुढे आपली साक्ष द्यावी. पाचारण खरं वाटलं तर शाळेत राहू द्यायचं, नाही तर उद्यापासून फाटक बंद.

पाचारणाची परीक्षा घेणारी आमची समिती कशी आहे तेही सांगतो. अध्यक्ष सासऱ्यांच्या जागेवर आलेले. खजिनदारांच्या भाच्याकडे वह्या-पुस्तकांचं कंत्राट. तिसरे सभासद कडोदऱ्याहून येतात आणि नाश्ता झाल्यावर जातात. चौथ्या प्रिन्सिपल, आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी, जाहिरात वाचून आलेला.

मला वाटलं होतं काळजीचं कारण नाही. ईस्टरची साक्ष दिली तरी अध्यक्षांचे डोळे पाणावतील. बैठकीआधी मी सरांना तसं सुचवलंही. तीन हाका विसरू नका म्हटलं.  सर नुसतेच बाकावर बसून राहिले.

आत गेल्यावर अध्यक्षांनी लहान प्रार्थना केली आणि म्हणाले, "त्रिभुवन, देवाला साक्षी ठेवून सांगा. तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं?"

सर उभे राहिले. 

"काही नाही," ते म्हणाले.

कडोदऱ्याच्या सभासदांनी फाफडा खाली ठेवला.

"लाइट गेली नव्हती," सर सांगू लागले. "खातं बंद झालं होतं. शेठने मशीनं भंगारात दिली. ट्रक भरून गेले आणि मी दिवसभर रिकाम्या शेडमध्ये बसून राहिलो. वाटलं कोणीतरी सांगेल, त्रिभुवन, आता तिकडे जा. कोणी सांगितलं नाही. म्हणून घरी गेलो. घरी बायको असती, सुमती, तर ती म्हणाली असती काहीतरी. तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगी बडोद्याला, ती रविवारी फोन करते. मधले सगळे दिवस मला हाक मारणारं कोणी नाही. दोन महिने मी सकाळी उठून, दाढी करून बसायचो. मग एका सकाळी शाळेच्या बाजूने जाताना आत पोरं ओरडत होती. मी मनाशी ठरवलं, ही हाक आपल्याला आहे असं समजायचं." मग ते म्हणाले, "बाकीचं मी वाढवलं. लोक ऐकत होते म्हणून."

माझं पेन थांबलं होतं. हे लिहायचं कसं ते मला कळेना.

अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज वाईट नव्हता. ते म्हणाले की प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, पण मग तुम्हाला इथे बोलावलं कोणी, हा प्रश्न राहतोच. नियम म्हणून तरी कोणीतरी बोलावलेलं असायला हवं.

"एमने में बोलाव्या छे," मॅकवान मॅडम म्हणाल्या. मीच बोलावलं त्यांना.

मी मान वर केली. मॅडमना खोटं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. प्रश्न सुटला होता. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून लिहा अशी खूणही केली. आणि त्रिभुवन सर, साठीच्या अलीकडचे, पगार नसलेले, फाटकाबाहेर पडायला एक पाऊल उरलेले, हात जोडून म्हणाले, "नाही मॅडम. तुम्ही तर मला दोनदा परत पाठवलं होतं."

खजिनदारांनी कपाळाला हात लावला. मला सरांचा राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यारे नहोता बोलाव्या," त्या सावकाश म्हणाल्या. तेव्हा बोलावलं नव्हतं. "हवे बोलावुं छुं." आता बोलावते आहे.

कोणी विरोध केला नाही. बहुधा पुढचा विषय वॉटर कूलरचा होता म्हणून. अध्यक्षांनी विचारलं, त्रिभुवन, तुम्हाला हे मान्य आहे ना? सरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी घातली, आणि संसार केलेला कुठलाही नवरा म्हणतो तसं अगदी सहज म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आमच्याही आलं. 

"पूछी जोजो," मॅडम म्हणाल्या. विचारून बघा. "उतावळ नथी."