सर्जेराव कणसेला काढायचं की ठेवायचं

सर्जेराव कणसे गेली एकतीस वर्षं अडतीस वर्षांचा होता, कारण त्याला संघातून काढायचं की ठेवायचं याचा निकाल अजून लागलेला नव्हता.

कासारखेडच्या उगवता सूर्य कबड्डी संघात कोण खेळणार हे प्रशिक्षक ठरवत नसे, प्रेक्षक ठरवत. मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी होती, तिच्याखालच्या कट्ट्यावर बसून ठरवत, आणि तेही एकमतानं. एखाद्याबद्दल वाद निघालाच, तर निकाल लागेपर्यंत त्याला आहे तसा ठेवायचा, असं मंडळाच्या घटनेत कलम होतं. कोर्टात पडलेल्या जमिनीत नांगर घालता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. हे कलम वयालाही लागू पडतं, हे सर्जेरावच्या बाबतीत पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

सर्जेराव डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. त्याचा उजवा गुडघा अडतिसाव्या वर्षी जेवढा दुखत होता तेवढाच दुखत राहिला. संघ हरत होता, पण तो सर्जेराव नसतानाही हरला असता, असं ठेवायच्या बाजूचे लोक म्हणायचे. काढायच्या बाजूचे लोक म्हणायचे, निदान एकदा नवीन माणसाला घेऊन तरी हरून बघू.

काढायच्या बाजूचे पुढारी यशवंत फाळके. त्यांना गावात अण्णा म्हणत. ठेवायच्या बाजूचे हणमंत नलवडे, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले, आवाज मोठा आणि मुद्दा एकच. एकेकाळी कट्ट्यावर बसायला जागा नसे. मग माणसं एकेक करून कमी होत गेली आणि नवीन कुणी आलं नाही. तरुण पोरं टीव्हीवरची कबड्डी बघू लागली. शेवटी दोघंच उरले, आणि रोज संध्याकाळी नेमानं भांडू लागले.

"सर्जाचा गुडघा गेलाय, हणमंता. चढाईवाला समोरनं निघून जातोय आन् ह्यो वाकतोय."

"एक मोसम बघू, यशवंता."

नलवड्यांचा मुद्दा तो एवढाच. पण तो ते अशा काही तऱ्हेनं मांडत, की अण्णांना रात्री अंथरुणात त्याचं उत्तर सुचायचं आणि संध्याकाळ कधी होते असं व्हायचं. बायको गेल्यापासून अण्णांना घरात दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच.

पौषात नलवडे वारले. त्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मंडळाचा चिटणीस वाघमोडे सायकल घेऊन कट्ट्यावर आला. भला माणूस, पण नियमाला फार धरून चालणारा.

"अण्णा, वाईट झालं. पण आता परेक्षक म्हणून तुम्ही एकटंच. तुमचं मत तेच एकमत. तुमी एवढी वर्सं काढा म्हणताय, तर सर्जेरावला काढलं असं धरू का?"

अण्णांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "थांब. एक मोसम बघू."

वाघमोडे चक्रावला. "म्हंजे ठेवायचं? मग तेबी एकमतच की. मग हाय तसाच ठेवायचा, कायमचा अडतीस. परत विषय काढता यायचा न्हाई."

"तसं न्हाई म्हणलो मी."

"मग कसं?"

काढला तरी वाद संपत होता आणि ठेवला तरी संपत होता. वाघमोडेनं मोठ्या मनानं रविवारच्या सामन्यापर्यंत मुदत दिली.

अण्णा रोज कट्ट्यावर येऊन बसू लागले. आपला मुद्दा मांडत, मग नलवड्यांच्या जागेकडे बघत. एकदा त्यांनी दोन्ही बाजूंनी बोलून पाहिलं, पण स्वतःचाच राग येईना आणि राग आल्याशिवाय वादाला चव नाही. त्यांना फार एकटं वाटत होतं, आणि ते सांगायला ज्याच्याकडे जावं तोच नेमका गेला होता.

शुक्रवारी सर्जेरावची बायको मालन कट्ट्यावर आली. तिथं बाईमाणूस कधी येत नसे. कंबरेला हात लावून ती खालच्या पायरीवर बसली. तिच्याबद्दल काही वाद नव्हता, त्यामुळे ती वेळच्या वेळी म्हातारी झाली होती.

"आमाला मत न्हाई, ठावं हाय," ती म्हणाली. "खेळाडूला न्हाई आन् त्येच्या घरच्यालाबी न्हाई. पर आयकायला काय हरकत?"

"बोल की."

"लोकं आधी मला त्येंची थोरली भन समजायची. मग मावशी. आता बाजारात म्हणत्यात, मावशे, पोरगं गुणाचं हाय तुजं. पिशवी धरतंय."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मला त्येंच्यासंगं म्हातारं व्हायचं हुतं, अण्णा. मी एकटीच झाली. उद्या मी गेल्यावर त्येंनी कुणाबरुबर म्हातारं व्हायाचं?"

"एकदम येईल बघ सगळं. गुडघं, डोळं, दात. एकतीस वर्सांचं."

"येऊ द्या. घरात जागा हाय."

अण्णांनी मनातलं बोलून टाकलं. "निकाल लागला, तर मी सांच्याला हितं येऊन कशावर बोलू?"

मालननं विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "ते मला काय ठावं, अण्णा," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

रविवारी संघ हरला. सर्जेरावनं एक पकड केली, एक सोडली. सामना संपल्यावर तो टॉवेलनं माती पुसत कट्ट्याशी आला. मागोमाग वाघमोडे आला. मालन मैदानाच्या फाटकाशी उभी होती.

"तुजं काय म्हणणं हाय रं?" अण्णांनी विचारलं. एकतीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"माजं मत धरत न्हाईत, अण्णा."

"धरत न्हाईत. आयकतोय नुसतं."

सर्जेराव टॉवेलाची घडी घालत राहिला. "तुमी दोघं भांडत हुता तवा बरं वाटायचं. खेळताना आवाज यायचा. वाटायचं, कुणीतरी आपल्यापायी भांडतंय. आज लई शांत हुतं मैदान."

अण्णांनी मान हलवली. मग ते उभे राहिले आणि त्यांनी रीतसर वाद पुरा केला. आधी नलवड्यांची बाजू मांडली. ती त्यांना पाठच होती. सर्जेरावनं एकट्यानं सामने ओढून आणले ते दिवस त्यांनी सांगितले. गुडघा सुजलेला असताना त्यानं चढाईवाल्याचा घोटा धरला आणि पंचाची शिट्टी होईतो सोडला नाही, तेही सांगितलं. नलवडे स्वतः कधी इतकं चांगलं बोलले नव्हते. शेवटी अण्णांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी आपली बाजू मांडली. ती अगदी थोडक्यात होती.

"दमलाय तो. घरी जाऊ द्या."

"म्हंजे काढलं?" वाघमोडेनं विचारलं.

"काढलं."

आधी केस गेले, मग उरलेले पांढरे झाले. खांदे उतरले. चड्डीची नाडी सैल पडली ती सर्जेरावनं घाईनं धरली. कातडी गळ्यापाशी लोंबली आणि डोळ्यांवर पाण्यासारखं काहीतरी आलं. हे सगळं व्हायला फार वेळ लागला नाही. वाघमोडे सभ्यपणे दुसरीकडे बघत होता.

"अण्णा," सर्जेराव म्हणाला. आवाजही बदलला होता. "जरा हात द्या."

अण्णांनी त्याला फाटकापर्यंत नेलं. मालननं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू कुणी परगावाहून फार उशिरा घरी आलं होतं.

"वाळलाय की वो," ती म्हणाली.

"तू बरी हायस," तो म्हणाला.

तिनं त्याचा दंड धरला. दोघं रस्त्यानं निघाले. थोडं पुढे गेल्यावर ती सावकाश चला म्हणाली आणि तो म्हणाला, याहून सावकाश कसं चालतात ते दाखव. त्यावरून त्यांचं जुंपलं. बोलणं कानावर येईनासं झालं तरी अण्णा फाटकाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाघमोडे कट्ट्यावर आला. डावा कोपरा रिकामा होता, तो भरायला हवा होता.

"पिसाळांचा धाकटा घ्या," अण्णा म्हणाले. "पाय हलका हाय त्येचा. पर उतावळा हाय. चुकीच्या वेळी उडी घेतोय. कुणाला पटणार न्हाई, पर माजं म्हणणं, त्योच घ्यावा."

असं म्हणून ते रिवाजाप्रमाणे थांबले. वाघमोडेही थांबला.

"कुणाची हरकत?" त्यानं विचारलं. विचारावं लागतं.

टाकीतून पाणी ठिबकत होतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"मग झालं एकमत," वाघमोडे म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

अण्णा हरकतीची वाट बघत बसून राहिले.