वाक्याच्या शेवटी मासा

जपानी माणूस प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक मासा ठेवतो, असा केळुसकरांचा सिद्धांत आहे. जातो म्हणायचं तर 'इकिमासू', खातो म्हणायचं तर 'ताबेमासू'. आणि तळ्यातल्या ट्राउटला तर हे लोक सरळ 'मासू'च म्हणतात. "म्हणजे शब्द आपलाच. कधीतरी वेंगुर्ल्याहून गलबतातून इकडे आला आणि उकारान्त झाला," असं ते ऑफिसातल्या जपानी मंडळींनाही छातीठोकपणे सांगतात. ती मंडळी सभ्यपणे 'नारुहोदो' म्हणजे 'असं होय' म्हणून मान डोलावतात. केळुसकरांच्या मते त्या क्षणी सिद्धांत मान्य झालेला असतो.

ग्योतोकु नावाच्या उपनगरात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ते राहतात. कंपनीही एकच. माणूस वेंगुर्ल्याचा, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशाला ते मासा मानतच नाहीत. "खाऱ्या पाण्याशिवाय मासा म्हणजे पडवळ रे!" पण थंडी पडून पाणी गार झालं, चिबाच्या डोंगरातल्या तळ्यात ट्राउट सोडले, की हाच गृहस्थ दर रविवारी गळाची काठी घेऊन जिना उतरतो. उन्हाळ्यात तळं बंद होईपर्यंत एक खाडा नाही.

मी एकदा बरोबर गेलो. मी पडलो पुण्याचा. "तुमच्याकडे मासा फक्त राशीभविष्यात," हे गाडीत बसल्या बसल्या ऐकावं लागलं. त्या तळ्यावर आमिष लावायला बंदी आहे. दोरीला धातूचा चिमुकला चमचा बांधायचा, तो पाण्यातून चमकवत ओढायचा आणि मासा फसायची वाट बघायची. केळुसकरांना हा अपमान वाटतो. "चमच्याने साहेब गळाला लागतो हे ऑफिसात रोज बघतो. मासा कसा लागेल?"

लागतही नव्हता. शेजारी एक आजोबा हसत हसत एकामागून एक मासे काढत होते आणि आमचे केळुसकर दात-ओठ खाऊन चमचा फेकत होते. संध्याकाळी खांदा धरून गाडीत बसले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी बघतो. मी काय पडवळापुढे हार मानणार?"

एवढा हट्ट कशासाठी, ते मला यंदाच्या मार्चमध्ये कळलं. मुलगी रेवा लहान असताना ते तिला याच तळ्यावर न्यायचे. मग तिला मैत्रिणी झाल्या, शाळा-क्लास आले, तिने यायचं सोडलं. आपण जात राहिलो तर एखाद्या रविवारी तीही येईल, एवढंच यांचं गणित. रेवा इथेच वाढली. बाप मराठीत विचारतो, लेक जपानीत उत्तर देते. वहिनी होत्या तोवर घरात मराठीला मराठी मिळायची. त्या गेल्यावर केळुसकरांची मराठी भिंतीवर आपटून परत यायला लागली.

आता रेवाला ओसाकात नोकरी लागली होती आणि निघण्याआधीच्या रविवारी ती तळ्यावर यायला चक्क कबूल झाली होती. केळुसकरांनी मला गळ घातली, "तूही चल. आम्ही दोघंच असलो तर मी काहीतरी भलतंच बोलेन." तळ्यावर पोचल्यावर रेवा मशीनमधून चहाच्या बाटल्या आणायला गेली, तेवढ्यात ते माझ्या कानाशी आले.

"एक वाक्य रे. तिच्या तोंडून एक मराठी वाक्य ऐकायचंय. मग जाऊ दे ओसाकाला."

सकाळभर प्रयत्न चालले.

"रेवा, थंडी वाजते का?"

"दाइजोबु." म्हणजे ठीक आहे.

"भूक लागली असेल ना?"

"मादा." म्हणजे अजून नाही.

"रात्री आईसारखी सोलकढी करू?"

"उन्," एवढाच होकार देऊन ती गोड हसली. मुलगी प्रेमळच आहे, त्यात वाद नाही. पण प्रत्येक उत्तरानंतर केळुसकर चमचा आणखी लांब फेकत होते, आणि मला ते बघवेना.

दुपार कलली, माणसं पांगू लागली, आणि काठी एकदम वाकली. केळुसकर पाय रोवून चक्री फिरवत राहिले. रेवा जाळी घेऊन पाण्याच्या कडेला धावली. वाकली, चुकली, बूट भिजवून घेतले, पुन्हा वाकली. जाळीत मासा फडफडला आणि तिने वळून आरोळी ठोकली,

"बाबा, मासा आली! बाबा, मासा आली!"

मी धसकून केळुसकरांकडे बघितलं. 'माझी मदत करा' म्हणालो म्हणून भर मीटिंगमध्ये मला थांबवून 'मला मदत करा' असं वदवून घेणारा हा माणूस. आता पोरीची काही धडगत नाही, असं मला वाटलं.

केळुसकर काठावरच्या चिखलात मटकन बसले. जाळीकडे त्यांनी बघितलंही नाही, रेवाकडेच बघत राहिले.

"आली गो बाय माझी," ते म्हणाले, "आली."