मंगरूसाठी पाच किलोमीटर

पवनीच्या एका राइस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या मंगरूच्या हृदयाचं पंपिंग फार कमी झालं असून, छातीत यंत्र बसवल्याशिवाय तो वर्ष काढणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी लेखी दिलं. या गंभीर परिस्थितीची दखल घेऊन आम्ही ताबडतोब समिती स्थापन केली. अध्यक्ष भैय्याजी, सचिव मी. गावाने मंगरूसाठी पाच किलोमीटर धावायचं आणि धावणाऱ्याने वर्गणी द्यायची, असं एकमताने ठरलं. फलकावर भैय्याजी हात जोडून उभे राहिले. मंगरूचा फोटो काही मावला नाही.

नियमावली मी लिहिली. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण भंडारा जिल्ह्यात तशी दुसरी नसेल. कोणासाठी दिलं हे देणाऱ्याला दिसावं, म्हणून लाभार्थ्याने धावेत हजर राहणं अनिवार्य होतं. मार्गावर नंबर लावलेल्या माणसालाच प्रवेश होता, आणि धावण्यास योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला जोडल्याशिवाय नंबर मिळत नव्हता.

मंगरूची बायको तुळसा आमच्या टेबलाशी आली.

"सायेब, हे संडासले गेले तरी धापा टाकतेत. हे कसे धावतीन जी?"

"अवो बाई, धावा कोन म्हन्ते?" भैय्याजी समजुतीने म्हणाले. "धावल्यासारखं करा म्हना. सारं गाव घाम गाळून राहिलं, अन् हा एकटा खुर्चीवर बसून राहीन, बरं दिसते का?"

मंगरू पडला भिडस्त माणूस. "जातो जी," म्हणाला.

दाखल्यासाठी आम्ही चौकातच एक डॉक्टर बसवला होता. चारशे माणसांची रांग, एकेकाच्या छातीला नळी लावत बसला असता तर दुपार झाली असती. त्याने तासाभरात सगळ्यांना तंदुरुस्त ठरवलं. त्यात मंगरूही आला.

झेंडा हलला. मंगरू पन्नासेक पावलं धावला आणि रस्त्यातच बसला. शेवटची रेषा ओलांडल्याशिवाय पदक नाही, हा नियम असल्याने आम्ही त्याला टेम्पोत घालून रेषेपलीकडे उतरवला. भैय्याजींनी गळ्यात पदक घातलं, शाल दिली. फोटोत त्याचे ओठ काळेनिळे आले आहेत, पण मेहनत दिसते.

सोमवारी, वर्गणीचे पैसे देण्याआधी, मंगरूच्या मदतीच्या अर्जाची छाननी झाली. चूक माझ्याच नजरेत आली, हे नम्रपणे नमूद करतो. एका कागदानुसार अर्जदाराला जिना चढवत नव्हता. दुसऱ्या कागदानुसार तो धावण्यास योग्य होता, आणि पुराव्यादाखल पदकासह फोटो होता. दोन्हींत नंतरच्या तारखेचा कागद ग्राह्य धरून अर्ज नामंजूर करण्यात आला.

तुळसा पुन्हा आली. "पन तो कागद तुमीच काढाले लावला ना, सायेब?"

"म्हणूनच त्यात शंका घेता येत नाही," मी म्हणालो.

 ती पदर खोचून निघून गेली. मला वाईट वाटलं. नियम नसता तर आणखी वाटलं असतं.

तुम्हीही होतात ना धावायला? परवा तुमचा फोन आला. मंगरूला आता आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतो. तुम्ही त्याचं विचाराल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, पुढच्या वर्षी कोणत्या रोगासाठी धावायचं.