महादूतात्यांची सरी

महादूतात्यांनी अकरा वर्षांत माझं तोंड पाहिलं नव्हतं. आमचं भांडण नव्हतं. ते माणसाच्या पायांकडं बघायचे, एवढंच.

मला कावीळ झाली तेव्हा तात्या बारामतीच्या दवाखान्यात भेटायला आले. माझ्या खाटेसमोरून दोनदा गेले आणि नर्सला म्हणाले, "आमचं गुरुजी हितं न्हाईत." तेवढ्यात माझे पाय चादरीबाहेर आले. तात्या जागीच थांबले. "हायती की! उजवा अंगठा बगा, झोपंतबी घाईत." मग शहाळं माझ्या पायाशी ठेवून पाव तास पायांशीच बोलले आणि गेले.

मी लासुर्ण्याला शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी इंदापूरच्या एका ऑर्केस्ट्राचा निवेदक. मी थोडं वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे. तो साफ खोटा आहे, मी पुष्कळ वाढवून सांगतो. पण तात्यांच्या बाबतीत मला काही मेहनतच पडत नाही.

तात्या आमच्याच गावचे. दिवसा उसाला पाणी द्यायचे आणि ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची गिटार, आवाज असा खोल की कानाला कमी आणि पोटाला जास्त कळायचा. तरुणपणी पुण्यातला एक ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा घरच्या शेळ्यांतला एक बोकड देऊन त्यांनी ती आणली. त्यांच्या वडिलांनी मरेपर्यंत बोकडाचीच आठवण काढली.

स्टेजवर तात्या सगळ्यात मागं, मांडवाच्या खांबाला टेकून उभे. नजर ड्रमवाल्याच्या पायावर. तीन तास चार बोटं हलायची, बाकी तात्या जागच्या जागी. शेळगावात मांडववाल्यानं त्यांना खांब समजून कनातीची दोरी बांधली. तात्यांनी पाच गाणी कनात सांभाळली, सूर सोडला नाही.

"तात्या, तुम्ही नक्की करता तरी काय?" मी एकदा विचारलं.

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं मातीत दोन उंचवटे काढले. "ह्यो वरंबा. ह्यो दुसरा वरंबा. मदी काय?"

"सरी."

"व्हय. आता वरंबा म्हंजी ठोका. दोन ठोक्यांच्या मदनं पानी गेलं पायजे. घाई केली की वरंबा फुटतो, रेंगाळलं की ऊस सुकतो. मी आपला सरीत ऱ्हातो."

"पण तुम्ही वाजवताय हे लोकांना कळतच नाही!"

"लोक ऊस बगाया येत्यात, गुरुजी. पानी बगाया कोन येतंय?"

जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी या दोन ढिगांत वाटून टाकल्या होत्या. वेळेवर आलेली एसटी 'सरीत'. जास्त गोड चहा 'वरंब्यावर'. एका मुलीचा बघण्याचा कार्यक्रम चालू असताना त्यांनी नवऱ्या मुलाला अंगणात चारदा चालायला लावलं आणि निकाल दिला, "द्या पोरगी. सरीत हाय." तो संसार आजही उत्तम चाललाय.

मग ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मुंबईहून नवा कीबोर्ड आणला. त्याचं एक बटण दाबलं की ड्रम वाजायचा, दुसरं दाबलं की बेस. पहिल्या बटणानं महिन्याभरात ड्रमवाला घरी बसवला. दुसऱ्या बटणावर मालकांचं बोट घुटमळू लागलं.

"तात्या," मालक म्हणाले, "तुमी वाजवता, पन दिसत न्हाय. बारामतीच्या लग्नात पुढं या, जरा बोटं नाचवा, मान हलवा. पब्लिकनं टाळी दिली तर तुमी ऱ्हायला. न्हायतर ह्ये बटन हायच."

तात्या मालकांच्या बुटांकडं बघत म्हणाले, "बगतो."

लग्न भर दुपारचं. कार्यालयाच्या फाटकातून तात्या आले ते लंगडत, आणि सोबत त्यांची बायको, आमच्या काकू. काकूंचा डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळं त्या कधी कुठल्या कार्यक्रमाला आल्या नव्हत्या.

"तात्या, पायाला काय झालं?"

"कुटं काय?" म्हणत त्यांनी काकूंना पहिल्या रांगेत बसवलं. मग माझ्या कानाशी आले. "म्हनलं, आज शेवटचंबी असंल. एकदा बगून घिऊं दे तिला." आणि स्टेजच्या पायऱ्या ताठ चढून गेले. मीही गडबडीत होतो, लंगडण्याचं विसरून गेलो.

पंगत बसली. मालकांनी खूण केली, मी माईकवर गरजलो, "आणि आता, बारामती-इंदापूरच नव्हे तर अखिल आशिया खंडात ज्यांच्या बोटांना तोड नाही..." तात्या पुढं आले. उजेडात आलेल्या घुबडासारखे दिसत होते.

एवढ्यात नवरीचे आजोबा काठी टेकत वर आले. वय ऐंशीच्या पुढं. "नातीसाठी एक जुनं गानं म्हनायचंय," म्हणाले. "या आबा!" मालक खूश. त्यांनी दोन्ही बटणं दाबली. "आबा गातील, मधल्या जागेत तात्या करामत करतील."

आबांनी सुरुवात केली. पहिल्या ओळीनंतर त्यांना दम लागला. आबा थांबले, पण यंत्र कशाला थांबतंय? ते पुढं पळालं. आबा दुसरी ओळ गाठायला धावले, तोवर यंत्र तिसरीत. त्या ठोक्यावर वाढपीही धावू लागले. एकाच्या पातेल्यातली आमटी नवरदेवाच्या मामाच्या टोपीत गेली, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही. पंगतीत हशा पिकला. आबांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. नवरीनं मान खाली घातली.

"तात्या, आता! नाचवा बोटं!" मालक ओरडले.

तात्यांनी एकदा काकूंच्या बाजूला बघितलं, अर्थात पायांकडं. मग पब्लिकला पाठ करून ते सरळ मागं गेले आणि पायाच्या अंगठ्यानं कीबोर्डची पिन उपसून टाकली.

यंत्र बंद पडलं.

मग तात्या आबांच्या चपलांकडं बघत वाजवू लागले. आबांचा पाय हलला की एक सूर. आबांना दम लागला की सूर तिथंच थांबे, हात धरून उभा राहिल्यासारखा. आबा निघाले की तोही निघे. वाढपी पुन्हा माणसांसारखे चालू लागले. आबांनी तिन्ही कडवी म्हटली, शेवटचं तर डोळे मिटून. नवरी उठून त्यांच्या गळ्यात पडली आणि अख्खं कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. सगळे म्हणत होते, "काय गायलं म्हातारं!" तात्या केव्हाच खांबाशी गेले होते.

मालक पिन हातात धरून उभे. "तात्या, तुमाला चान्स दिला हुता."

"दिला हुता, मालक. मला वरंब्यावर चालाया जमत न्हाय." त्यांनी गिटारला गोधडी गुंडाळली.

स्टँडपर्यंत गिटार मी घेतली. ते दोघं पुढं, मी मागं. आणि बघतो तर तात्या पुन्हा लंगडत होते! काकूंचा एक पाय पडे, दुसरा यायला वेळ लागे, आणि त्या मधल्या जागेत अलगद तात्यांचा पाय पडे. मी डोळे मिटून ऐकलं. एकच माणूस अगदी सरळ चालल्यासारखा आवाज येत होता. माझ्या एकदम ध्यानात आलं, लासुर्ण्यातली निम्मी माणसं नवरा-बायको दोघांनाही लंगडी समजत होती, आणि तात्यांनी ते कुणाला कधी दुरुस्त करून सांगितलं नव्हतं.

"अवं, येक इचारू?" काकू म्हणाल्या. "राग न्हाय ना येनार?"

"इचार की."

"म्या लय कान दिऊन आयकलं. आबाचं गानं लय ग्वाड लागलं. पन त्यात तुमचा आवाज कुटला, त्ये मला शेवटपत्तुर कळलंच न्हाय बगा."

तात्या थांबले. त्यांनी मान वर केली आणि काकूंच्या तोंडाकडं बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं.

"मग सरीत हुतो म्हनायचं," ते म्हणाले.

आणि पुन्हा खाली बघून, तिचा पाय पडायची वाट पाहू लागले.