रसूलचाचांचं आभाळ

आर्णीच्या रसूलचाचांकडं सायकल पंक्चरला टाकली की माणूस अडकलाच. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता चाचा विचारत, "मास्तर, आभाळ कुठंतरी संपत असंन नं?" संपतं म्हणावं, तर "मंग त्याच्या पल्याड काय हाये?" संपत नाही म्हणावं, तर "तुमी पाहून आले काय?" पंक्चर निघे, गिऱ्हाईक सुटत नसे.

विदर्भ नुकताच महाराष्ट्रात आला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांची सायकल चाचांच्या दारातच बसली. विश्व अनंत आहे, असं साहेबांनी ठणकावून सांगितलं. मोजायला कोण गेलं होतं, असं चाचांनी फार अदबीनं विचारलं. साहेब उरलेला रस्ता पायीच आले.

पण चाचा नुसते बोलघेवडे नव्हते. एका दुपारी गिऱ्हाईक परतवून ते व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा तुकडा ब्लेडनं अर्धा करत बसले. मग अर्ध्याचा अर्धा, त्याचा पुन्हा अर्धा. जागा अशी तुटत तुटत कुठं थांबते, की कितीही कापली तरी कापायला उरतेच, हे त्यांना पाहायचं होतं. संध्याकाळी बोटाला चिंधी बांधून माझ्याकडं आले.

"हात थकला मास्तर, नजर थकली. जागा काही थकली नाही."

मी कॉलेज शिकलेला, पण हे करून पाहावं असं मला कधी सुचलं नव्हतं. याचं उत्तर मला येत नाही, असं मी खरं ते सांगून टाकलं. चाचांनी माझा हात कितीतरी वेळ हातात धरून ठेवला.

पुढं एकदा दोन दिवस दुकान उघडलंच नाही. माझी सायकल आत. म्हणून शाळा सुटल्यावर त्यांचं घर शोधत गेलो. चाचा शिडी लावून कौलारू छपरावर चढले होते आणि कवेलू काढत होते. खाली खोलीत बाजेवर त्यांची बायको, सकीनाबी. बैलगाडीतून पडून तिची पाठ मोडली होती. चार वर्षं ती त्या खोलीबाहेर गेली नव्हती. बाज जरा हलवली तरी कळ उठे. चाचांशी इतकं बोललो, पण घरी कोण आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

तीच म्हणाली, "सवाल माहा हाये, मास्तर. पडल्या पडल्या मनात येते. ह्यायले म्हणते, कोणाले तरी विचारून या. हे रोज विचारून येतात."

वर हातभर उघडं आभाळ दिसत होतं.

"दिसते काय?" चाचांनी वरून विचारलं.

"थोडंच दिसते."

चाचांनी पुढचं कवेलू उचललं. ते घ्यायला मी खालून हात वर केले.