सहा मासे आणि एक खुर्ची

भूपेशने एकोणीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीतलं सांडपाणी गोड मानून घेतलं होतं. कारखान्यांनी घाण सोडायची, भूपेशने ती शुद्ध करायची. आता प्लांट हेडची खुर्ची रिकामी झाली होती आणि संचालक दौलतराव सोमवारी स्वतः पाहणीला येऊन ती कुणाला द्यायची ते ठरवणार होते. घरी हेंद्रेपाड्यात त्याच्या बायकोने, रिद्धीने, शेजारणींना आधीच सांगून टाकलं होतं. ही तिची जरा घाईच झाली.

ऑफिसच्या दारात काचेची टाकी ठेवायची, प्लांटमधून शुद्ध होऊन निघालेल्या पाण्यात मासे सोडायचे, हा या धंद्यातला रिवाज. मासे पोहले की साहेब खूश. सोमवारी सकाळी चंदू ऑपरेटर कॅम्प तीनच्या बाजारातून सहा गोल्डफिश घेऊन आला.

"आउटलेटचं पाणी भरतो," तो म्हणाला.

"नको. शुक्रवारी कोणीतरी गटारात अ‍ॅसिड सोडलंय. मासे मेले तर माझं प्रमोशन मेलं. नळाचं भर."

"साहेब, आपलंच पाणी आहे ना?"

"म्हणूनच सांगतोय."

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते माशांना सोसत नाही, हे भूपेश दर वर्षी नव्या पोरांना शिकवायचा. पण खुर्ची दिसू लागली की अक्कल गहाण पडते. दुपारी दौलतराव आले तेव्हा सहाही मासे पोट वर करून तरंगत होते आणि टाकीवर पाटी होती, 'आमच्या प्लांटचे पाणी'.

"हे पाणी आपण नदीत सोडतो?" दौलतरावांनी हळू आवाजात विचारलं.

हो म्हणावं तर प्लांट बदनाम, चौदा जणांच्या नोकऱ्या धोक्यात. नाही म्हणावं तर लबाडी उघडी. इकडे आड, तिकडे विहीर.

"सर, ते नळाचं आहे," भूपेश शेवटी म्हणाला. "आपलं बरं निघेल की नाही, भरोसा नव्हता."

ज्युनिअर इंजिनिअर तेजस्वी लॅबचा कागद घेऊन पुढे आली. "सर, आपलं पाणी क्लीन आहे. सगळे रीडिंग लिमिटमध्ये आहेत."

दौलतरावांनी कागद दोनदा वाचला. "पाणी उत्तम केलंयत तुम्ही," ते भूपेशला म्हणाले. "पण ज्याचा स्वतःच्या पाण्यावर भरोसा नाही, त्याच्या हातात प्लांट कसा देऊ?"

खुर्ची तेजस्वीला मिळाली. तिने पहिल्याच दिवशी टाकीत आउटलेटचं पाणी भरून नवे मासे सोडले. महिन्याभरात ते चांगले गुबगुबीत झाले. त्यांना दाणे घालायचं काम भूपेशकडे आलं. ते करताना त्याला फार वाईट वाटतं, पण एक वेळ चुकवत नाही.

परवा एक पाहुणे मासे बघून तेजस्वीमॅडमचं तोंडभर कौतुक करत होते. दाण्यांची डबी घेऊन उभ्या असलेल्या भूपेशकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"ते होय," चंदू म्हणाला, "ते माशांचं बघतात."